व्हॅनचा हिशेब, पाण्यापासून

विक्रोळी, मुंबई

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर माझ्या सफाईच्या कामाच्या गाडीसाठी तुम्ही तीन नावं सुचवलीत: जुनी ओम्नी, छोटा हत्ती म्हणजे टाटा एस, नाहीतर डिझेलचा पिकअप. आईने मधेच विचारलं, त्यातून गणपतीला गावी येता येईल का. फोनवर हे सगळं नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे. पेन्सिल घेऊन बसा, सुरुवात बेरजेनेच आहे.

तुम्ही डेपोतली माणसं, गाडी इंजिनापासून बघता. सफाईची गाडी पाण्यापासून बघावी लागते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यात कुणी सूट देत नाही. २०० लिटरची टाकी भरली की २०० किलो. टाकी, तिची चौकट आणि पट्टे १५. रोजच्या कामाचा प्रेशर वॉशर २५, ओलं-सुकं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम १२, सोफा धुवायचं एक्स्ट्रॅक्शन मशीन १२, फरशी घासायचं सतरा इंची सिंगल डिस्क मशीन ४५. अ‍ॅल्युमिनियमची शिडी १०. पाच लिटरचे दहा कॅन ५०. बादल्या, मॉप, फडकी, पाईप, वायर मिळून ३०. झाले ३९९. वर दोन माणसं, १३० धरा. म्हणजे सव्वापाचशेच्या वर.

आता आरसी बुकात दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन. वजाबाकी केली की गाडी किती पेलते ते कळतं, आणि त्यात माणसंही आली. शोरूममधला पोरगा नेहमी पेट्रोलचा आकडा सांगतो. सीएनजीचा सिलिंडर जड असतो, तेवढी वाहून न्यायची ताकद कमी होते. मारुतीच्या सुपर कॅरीचं उदाहरण घ्या: पेट्रोलवर ७४० किलो, सीएनजीवर ६२५. ११५ किलो तिथेच गेले, म्हणजे अर्ध्या टाकीहून जास्त पाणी. म्हणून इंधन कोणतं हे आधी ठरवायचं, टाकी मग.

इंधनाचा निकाल सोपा आहे. दिवसाला ५० किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १३०० किलोमीटर. सामानासकट मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये पेट्रोलवर लिटरला १३ धरले तर १०० लिटर लागतात, आणि पेट्रोल शंभराच्या पुढे. सीएनजीवर किलोला १८ धरले तर ७२ किलो, ऐंशीच्या आसपास दराने पावणेसहा हजार. महिन्याला साडेचार हजारांचा फरक पडतो. गाडीच्या किमतीतला फरक दीड-पावणेदोन वर्षांत सुटतो. रांगेत उभं राहावं लागतं हे खरं, पण पहाटे किंवा रात्री उशिरा भरलं की वेळ वाचतो. सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, दर तीन वर्षांनी करावी लागते. त्याची प्लेट गाडीवर नसेल तर पंपावर गॅस भरत नाहीत. डिझेलचं नाव काढू नका, बाबा. प्रदूषणाच्या बीएस-सहा नियमांतल्या डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारा फिल्टर असतो आणि ती जाळायला गाडी सलग वेगात पळावी लागते. विक्रोळी ते पवई, पवई ते चांदिवली अशा तुकड्यातुकड्यांच्या फेऱ्यांत ती काजळी साचतच जाते.

म्हणून माझं मत मारुतीच्या ईको कार्गो सीएनजीवर आलं आहे, पण टाकी २०० ऐवजी १५० लिटरची. डिस्क मशीन रोज न्यायचं नाही, ज्या दिवशी फरशीचं काम त्याच दिवशी. मग सामान ३०४ किलो, माणसांसह ४३४, आणि थोडी मोकळीक उरते. १५० लिटर पुरतं का? वॉशर मिनिटाला साडेसहा लिटर ओढतो, म्हणजे ट्रिगर सलग दाबून ठेवला तर २३ मिनिटं. ऐकायला कमी वाटतं. पण पाच जणांच्या सोफ्याला १०-१५ लिटर लागतं, आणि बाथरूम-किचन घरच्याच पाण्याने होतं. आपलं पाणी लागतं ते दुकानाची शटरं, बाल्कनीच्या जाळ्या आणि पार्किंगमधल्या गाड्यांना. शिवाय ज्या सोसायटीत पाणी दिवसातून दोनदाच येतं तिथे. रिकामी टाकी भरायची तर महानगरपालिकेच्या पाण्याने. ते तलावांचं, मऊ असतं. मीरा रोडच्या पुढे किंवा घोडबंदरला टँकरचं, बोअरिंगचं पाणी भरलं की काचेवर आणि काळ्या गाडीवर पांढरे डाग सुकतात, ते पुसायला वेगळा अर्धा तास.

छोटा हत्ती का नाही, तर उघडी बॉडी. चार महिने पाऊस, आणि रोज रात्री सगळं सामान उतरवून वर न्यायचं. मागे कंटेनर बसवला तर गाडी उंच होते, आणि मुंबईत उंची हाच अर्धा प्रश्न आहे. नव्या टॉवरच्या पोडियम पार्किंगच्या किंवा तळघराच्या तोंडाशी लोखंडी दांडा टांगलेला असतो, कुठे २.१ मीटर, कुठे थोडा जास्त. ईको १.८ मीटरच्या आसपास. टपावर कॅरिअर आणि शिडी आली की तीही अडकते, म्हणून शिडी आतच ठेवायची, घडीची. विंगरसारख्या उंच छताच्या गाडीत ताठ उभं राहून काम करता येतं, मलाही मोह झाला होता, पण ती रस्त्यावर उभी करून मशीन्स दीडशे पावलं ढकलत न्यायची म्हणजे रोजचा तास गेला.

एक बारीक गोष्ट, जी शोरूममध्ये कुणी बघत नाही. सरकता दरवाजा. चाळीच्या गल्लीत गाडी भिंतीला चिकटवून लावली की बिजागरीचा दरवाजा उघडतच नाही. ईकोला दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे आहेत. मागचा दरवाजा वर उचलला जातो, पावसात तेवढंच छप्पर, पण कमी उंचीच्या पार्किंगमध्ये तो बीमवर आपटतो. म्हणून रोज लागणारं सामान बाजूच्या दरवाजाजवळ, आठवड्यातून एकदा लागणारं मागे.

इलेक्ट्रिकचाही विचार केला. टाटाची एस ईव्ही २०२२ मध्ये आली, २१.३ किलोवॅट-तासाची बॅटरी, कंपनीच्या आकड्याप्रमाणे १५४ किलोमीटर, वजन ६०० किलो पेलते. रोजच्या फेऱ्यांना पुरेल. पण आपल्या सोसायटीत स्वतःची जागाच नाही, चार्जर बसवणार कुठे? तो विषय तिथेच संपतो.

ओम्नीचं. मारुतीने ती २०१९ मध्ये बंद केली. मालवाहू गाडीला आठ वर्षं झाली की फिटनेस तपासणी दरवर्षी, त्याआधी दोन वर्षांतून एकदा, आणि आठ वर्षांनंतर महाराष्ट्रात वर पर्यावरण करही. म्हणजे सर्वात नवी ओम्नी घेतली तरी ती लगेच या खर्चात येते. त्यातून बाजारातल्या बहुतेक ओम्नी सीटवाल्या, पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खासगी. सीट काढून सामान भरलं की आरसीप्रमाणे तो बदल बेकायदा, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते.

आई, गणपतीचं उत्तर इथे आहे. कार्गो व्हॅनला दोनच सीट. मागे माणूस बसवायचा नाही. आपला नाही, कामाच्या बायकाही नाहीत. मालवाहू गाडीत मागे सामानात बसवलेल्या माणसाला विमा मिळेलच असं नाही. चौघींची टीम असेल तर दोघी गाडीत आणि दोघी लोकलने, त्यांचा पास आपल्या खर्चात. गावी आपण तुतारी एक्सप्रेसनेच येऊ.

कागदांचा भाग थोडक्यात. भरलेलं वजन ३००० किलोच्या आत असेल तर वेगळा परमिट लागत नाही. पाटी पिवळी, अक्षरं काळी. थर्ड पार्टी विमा मालवाहूचा असल्याने महाग, २०२२ साली ठरलेला दर १६,०४९ रुपये, वर जीएसटी. पण जीएसटी नोंदणी असेल तर मालवाहू गाडीवर भरलेला जीएसटी क्रेडिट म्हणून मिळतो, सीटवाल्या ईकोवर मिळत नाही. आणि कोस्टल रोडवर मालवाहू गाड्यांना मनाई आहे, तेव्हा वरळीहून मरीन ड्राइव्हला जायला आतल्या रस्त्याचा वेळ धरूनच काम घ्यायचं.

आता आतली बांधणी, बाबा, इथे तुमचं डोकं लागेल. अर्धी भरलेली टाकी सर्वात वाईट. पाणी हेलकावतं, ब्रेक मारला की पुढे आदळतं आणि फ्लायओव्हरच्या वळणावर गाडी बाहेर ओढते. म्हणून आत भोकं असलेले आडवे पडदे हवेत, किंवा एका मोठ्या टाकीऐवजी ७५ लिटरच्या दोन. टाकी मागच्या धुरीच्या किंचित पुढे, गाडीच्या तळाला टेकून. बोल्ट नुसत्या प्लायवूडमध्ये नाही, खालच्या आडव्या पट्टीतून आरपार, आणि खालून चार इंची लोखंडी प्लेट. नाहीतर जोराच्या ब्रेकला पत्रा फाटून टाकी ड्रायव्हरच्या पाठीत येते. रंग काळाच. पांढऱ्या टाकीत ऊन शिरतं आणि पंधरा दिवसांत शेवाळ धरतं, तेच मग वॉशरच्या जाळीत अडकतं. झाकण घट्ट बसणारं, नाहीतर डासांची पैदास आपल्याच गाडीत. रात्री टाकी रिकामी करायची, स्प्रिंगलाही आराम.

वॉशरचं दुखणं बहुतेक वेळा पाण्याच्या बाजूला असतं. टाकीपासून पंपापर्यंतचा पाईप पाऊण इंची, आत तार असलेला आणि जितका आखूड तितका चांगला. साधा पाईप ओढीने चपटा होतो, पंप खडखडतो, फवारा धडधडत येतो आणि महिन्याभरात सील जातात. पाईपच्या आधी गाळणी. ट्रिगर सोडून मशीन चालू ठेवायचं नाही, तेच पाणी आत फिरून तापतं.

वीज गाडीतून घ्यायची नाही. १८०० वॅटचा वॉशर १२ व्होल्टवर १५० अ‍ॅम्पिअर ओढेल, छोट्या गाडीच्या अल्टरनेटरचं ते काम नाही. गिऱ्हाइकाच्या गीझरच्या सोळा अ‍ॅम्पिअरच्या सॉकेटवरून घ्यायची, २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीने. बारीक वायर ३० मीटर ओढली की व्होल्टेज पडतं, मोटर नुसती हुंकारते आणि कपॅसिटर उडतो. मध्ये ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, असलाच पाहिजे, ओल्या फरशीवर उभं राहून काम करायचं आहे.

फरशीला १२ मिलिमीटरचं मरीन प्लाय, आयएस ७१० छापलेलं, कडा सिलिकॉनने बंद, वर रबरी मॅट. गाडीच्या तळाची कंपनीने ठेवलेली भोकं बुजवायची नाहीत, सांडलेलं पाणी तिथूनच जातं. महिन्यातून एकदा मॅट उचलून वाळवायची, नाहीतर सरकत्या दरवाजाच्या पट्टीपासून गंज सुरू होतो. केमिकल्सचं मात्र कडक: संडास साफ करायचं अ‍ॅसिड आणि ब्लीच एका क्रेटमध्ये कधीच नाही. दोन्ही सांडून एकत्र आले तर क्लोरीन वायू होतो, आणि मे महिन्यात बंद गाडीत तो ड्रायव्हरच्या नाकातच जातो. एक डावीकडे, एक उजवीकडे, दोन्ही उभे, झाकण वर.

पावसाळ्यात मिलन सबवे, हिंदमाता असं कुठे पाणी दिसलं की थांबायचं. ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे. पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, आत पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढायची आणि मेकॅनिकला बोलवायचं.

जुनी चांगली मिळाली तर जुनीच घेईन, कार्गो म्हणूनच नोंदलेली असेल तर. तेव्हा बघायचं ते असं: चाकांवरच्या कमानी आणि जॅक लावायची जागा बोटाने दाबून, दरवाजाची पट्टी, क्लचच्या पेडलचं रबर किती झिजलंय आणि किलोमीटरचा आकडा त्याला जुळतो का. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर एनओसी आणि फॉर्म ३५, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. थकलेली चलनं आधी तपासायची.

गाडी आली की रिकामी असताना एकदा आणि पूर्ण भरून, टाकीसकट, माणसांसकट एकदा वजनकाट्यावर नेणार आहे, मागची चाकं वेगळी मोजून. माझे सगळे आकडे कागदावरचे आहेत, काटा खरं सांगेल. ती पावती तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते. टायरमधली हवा सामानाप्रमाणे ठेवावी लागेल, दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरमध्ये रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे असतात. तेवढा तुमच्या कपाटातला हवा मोजायचा गेज इकडे येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवा, बाबा. पंपावरच्या गेजवर माझा विश्वास नाही.

आईचं गुडघ्याचं तेल सोबत पाठवते आहे, दोन बाटल्या.

तुमची,
थोरली