‘लंडन’ कविता ऐकायला शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सविनय नमस्कार.

इंग्रज कवी विल्यम ब्लेक यांची ‘लंडन’ ही सोळा ओळींची कविता आपण आमच्याकडून ज्या रीतीने वाचून घेतलीत, त्याबद्दल आपले जाहीर आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

या कवितेवरचे उत्तर बहुधा ठरलेले असते: औद्योगिक क्रांती, धूर, दारिद्र्य आणि कवीची करुणा. आपण ते बाजूला ठेवायला लावलेत आणि एकच प्रश्न दिलात: इथला प्रत्येक आवाज कोणाच्या तोंडून निघतो आणि कोणावर जाऊन आदळतो? पहिल्या कडव्यात सनदांनी जखडलेल्या रस्त्यांतून आणि तशाच जखडलेल्या थेम्सच्या काठाने फिरणारा कवी चेहऱ्यांवरच्या खुणा पाहतो. दुसऱ्या कडव्यापासून मात्र तो ऐकू लागतो. धुराडी साफ करणाऱ्या पोराचा टाहो काळवंडत चाललेल्या चर्चला हादरवतो, अभागी सैनिकाचा उसासा रक्त होऊन राजवाड्याच्या भिंतींवरून ओघळतो आणि कोवळ्या वयाच्या वेश्येचा शाप नवजात बाळाच्या अश्रूंना होरपळून काढत विवाहाचीच शववाहिका करून टाकतो. रस्त्यावरचा गुप्तरोग घराघरांत कसा शिरतो, हे आपण कोणताही संकोच न बाळगता समजावलेत, म्हणूनच ती शेवटची ओळ आम्हांला कळली. हे सारे लक्षात आल्यावर ही कविता मला करुणेपेक्षा आरोपपत्रासारखी वाटू लागली, आणि आजही तशीच वाटते.

कविता प्रसिद्ध झाली १७९४ साली. आठ वर्षांखालील मुलांना धुराड्यांच्या कामावर ठेवण्यास मनाई करणारा कायदा १७८८ मध्येच झाला होता, पण तो फारसा पाळला जात नव्हता. ब्लेक राहत असत त्या लंडनमधील लॅम्बेथ भागापासून जवळच वाफेवर चालणारी आल्बियन पीठगिरणी होती. ती १७९१ मध्ये जळून गेली. तरीही कवितेत एकही यंत्र नाही, याकडे आपण आमचे लक्ष वेधलेत. तिथे आहे ती काजळी, आणि आहेत माणसांच्या मनांतच घडवल्या गेलेल्या बेड्या.

ब्लेक यांनी स्वतः ताम्रपटावर कोरलेल्या पानाचे चित्रही आपण आवर्जून दाखवलेत. कुबडीच्या आधाराने चालणाऱ्या वृद्धाला एक लहान मूल वाट दाखवत आहे, हे पाठ्यपुस्तकातील नुसत्या ओळींवरून आम्हांला कधीच समजले नसते.

माझ्या निबंधाच्या समासात आपण वारंवार लिहीत असा, “हे कवितेत कुठे आहे?” आता मी स्वतः कविता शिकवते आणि विद्यार्थ्यांच्या वह्यांत हाच प्रश्न लिहिते. त्याबद्दल मी आपली मनापासून ऋणी आहे.

आपली विद्यार्थिनी