चार मीटर वाऱ्यावर चारशे वॅट : पवनचक्कीच्या जनित्राबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी यांस

दिनांक : १८ ऑगस्ट २०२५

विषय : १२ व्होल्ट, ४०० वॅट क्षमतेचे म्हणून विकलेले पवनचक्कीचे जनित्र सदोष असल्याबद्दल तक्रार व रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

मी सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात, वनकुसवडे पठाराच्या कडेला असलेल्या एका वस्तीवर राहतो. पठारावरच्या मोठ्या पवनचक्क्या आमच्या अंगणातून दिसतात आणि पावसाळ्यात वीज गेली की त्या फिरताना पाहत आम्ही अंधारात बसतो. घरापुरती एक छोटी पवनचक्की कमी खर्चात आपणच उभी करावी, असे त्यामुळे बरेच दिवस मनात होते. चुंबके आणि तांब्याची तार आणून जनित्रही घरीच गुंडाळण्याचा माझा बेत होता. परंतु आपल्या संकेतस्थळावरील जाहिरात वाचून तो मी सोडला आणि १४ एप्रिल २०२५ रोजी १४,५०० रुपये भरून आपले स्थायी चुंबकाचे जनित्र मागवले. बाकीचे सर्व, म्हणजे शिवणीच्या लाकडाची तीन पाती, शेपटी, नऊ मीटरचा लोखंडी खांब आणि त्याला धरून ठेवणाऱ्या तारांचे ताण, गावातील सुतार व वेल्डर यांच्या मदतीने आपण पाठवलेल्या नकाशाबरहुकूम तयार केले.

जाहिरातीत आणि जनित्रावरच्या पट्टीवर दोन गोष्टी स्पष्ट छापल्या आहेत : १.२ मीटर व्यासाच्या पात्यांवर, सेकंदाला ४ मीटर वेगाच्या वाऱ्यात ४०० वॅट. आणि मिनिटाला ३०० फेऱ्यांना १४ व्होल्ट. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पवनचक्की उभी राहिली. तेव्हापासून आजपर्यंत, जुलैमधील सेकंदाला ८ ते ९ मीटरच्या वाऱ्यातही, बॅटरीकडे जाणारा प्रवाह ३.१ अँपिअरच्या वर गेलेला नाही. म्हणजे साधारण ४० वॅट. ४ मीटरच्या वाऱ्यात पाती फिरतात, दिसायलाही छान दिसतात, पण अँपिअर मीटरचा काटा शून्यावरून हलत नाही.

९ जुलैच्या माझ्या ई-मेलला आपल्या तंत्रज्ञांनी दूरध्वनीवरून उत्तर दिले की, पाती घरगुती असल्याने दोष पात्यांचा असावा आणि खांब आणखी तीन मीटर उंच करून पाहावा. सूचना ऐकून घेतली, परंतु खांबावर आणखी खर्च करण्याआधी पाती बाजूला ठेवून फक्त जनित्र तपासावे, हे मला अधिक योग्य वाटले. पाटणमधील एका वर्कशॉपमध्ये लेथ या फिरत्या यंत्राच्या चकमध्ये जनित्राचा दांडा धरून, वेग टॅकोमीटरने मोजून, रेक्टिफायरनंतरचा (म्हणजे बॅटरीसाठी प्रवाह एकदिश केल्यानंतरचा) विद्युतदाब मल्टिमीटरवर पाहिला. कोणताही भार नसताना ३०० फेऱ्यांना ६.८ व्होल्ट, ४५० फेऱ्यांना १०.१ आणि ६०० फेऱ्यांना १३.७ व्होल्ट मिळाले. दाब फेऱ्यांच्या प्रमाणात वाढतो आहे, म्हणजे मोजणीत गडबड नाही. तो छापील आकड्याच्या निम्म्याहून कमी आहे, एवढेच. लेथला वारा लागत नाही आणि पातीही लागत नाहीत, त्यामुळे हा दोष माझ्या सुताराच्या माथी मारता येणार नाही. जनित्र मी उघडलेले नाही. सील जसेच्या तसे आहे.

दुसरी मोजणी याहून बोलकी आहे. जनित्राच्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन तारांमधील विद्युतरोध १.६ ओहम भरतो. १२ व्होल्टवर ४०० वॅट द्यायचे तर सुमारे ३३ अँपिअर प्रवाह लागेल, आणि एवढा प्रवाह या गुंडाळीतून गेल्यास सतराशे वॅटांहून अधिक ऊर्जा गुंडाळीतच उष्णता होऊन जाईल. चारशे वॅट बॅटरीत आणि सतराशे वॅट जनित्राच्या पोटात, असे यंत्र काही मिनिटांत जळेल. बाहेर काढलेल्या ताराही घरातील दिव्याला वापरतात तशा दीड चौरस मिलिमीटरच्या आहेत. त्यावरून या जनित्राकडून ३३ अँपिअरची अपेक्षा ते बनवणाऱ्यानेही केली नसावी, असे मला वाटते.

मुळात ४ मीटरच्या वाऱ्यात ४०० वॅट हा दावाच अशक्य आहे. वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. हवेची घनता आमच्या उंचीवर घनमीटरला सुमारे १.१ किलो धरली, तर १.२ मीटर व्यासाच्या वर्तुळातून त्या वेगाने जाणाऱ्या संपूर्ण वाऱ्याची शक्ती ४० वॅटांच्या आत भरते. त्यातलीही जास्तीत जास्त ५९.३ टक्के शक्तीच पात्यांना घेता येते, हे आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिले आहे. घरगुती पवनचक्कीत प्रत्यक्ष ३० टक्के हाती आली तरी समाधान मानावे. वाऱ्यात मुळात जेवढी शक्ती आहे, तिच्या दहापट वीज आपण विकत आहात. हे ४०० वॅट त्या वाऱ्यातून खरोखर काढायचे झाल्यास पात्यांचा व्यास सुमारे सात मीटर लागेल. तो माझ्या घराच्या रुंदीएवढा आहे. त्यामुळे २४ जुलैच्या उत्तरात आपण देऊ केलेले दुसरे जनित्र मला नको. त्यावरही हीच पट्टी असणार.

माझी मागणी अशी : जनित्राचे १४,५०० रुपये आणि परत पाठवण्याचा वाहतूक खर्च मला मिळावा, आणि जाहिरातीतील व पट्टीवरील हे आकडे बदलून कोणत्या वाऱ्यात, किती फेऱ्यांना, किती व्होल्ट व किती अँपिअर मिळतात याचा मोजलेला तक्ता द्यावा. ४० वॅटचे जनित्र ४० वॅटचे म्हणून, त्या किमतीला विकले असते, तर मी कदाचित घेतलेही असते.

ई-वाणिज्य नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एक महिन्यात निवारण करणे आपल्यावर बंधनकारक आहे. पहिल्या तक्रारीची ती मुदत ९ ऑगस्टला संपली. या पत्रापासून १५ दिवसांत रक्कम न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सातारा जिल्हा आयोगाकडे मी तक्रार दाखल करीन. मी राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते आणि एवढ्या रकमेला शुल्कही लागत नाही.

सोबत पावती, जाहिरातीची प्रत, पट्टीचे छायाचित्र आणि लेथवरील मोजणीची चित्रफीत जोडली आहे.

आपला,
एक ग्राहक
ता. पाटण, जि. सातारा