इंजिन बसलं, काळजी नसावी

नोव्हाय, मिशिगन
रविवार, 21 सप्टेंबर 2025

ती. आबा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे छोटीला मेलवर पाठवतोय. तिनं प्रिंट काढून आबांच्या हातात द्यावं. फोनवर आबांना नीट ऐकू येत नाही, मग आई मध्ये बोलते, आणि मी म्हटलेलं एक, पोचलेलं दुसरंच, असं होतं. शिवाय शेवटी जे लिहिलंय ते माझ्याच्यानं तोंडानं बोलवलं नसतं.

मी ठणठणीत आहे. खोकला गेला. कांदा-लसूण चटणीची एक बरणी अजून फोडलेलीसुद्धा नाही. नोकरी चालू आहे. गेल्या रविवारी मी कामगाराच्या कपड्यांत दिसलो म्हणून आई रडली, असं छोटीनं सांगितलं. आई, तो माझा सुट्टीचा दिवस होता आणि ती माझीच गाडी होती. मी कुणाची गाडी पैसे घेऊन दुरुस्त करत नाही. माझ्या व्हिसावर ते चालतही नाही.

तर मोठी बातमी: माझ्या गाडीत दुसरं इंजिन बसलं. काल दुपारी सुरू झालं.

आबा, तुम्ही विचारलं होतंत, चालतं इंजिन काढलंच कशाला? प्रश्न बरोबर आहे, फोनवर मला नीट सांगता आलं नाही. गाडी 1991 सालची निसान 240एसएक्स आहे. हीच गाडी जपानात सिल्व्हिया आणि 180एसएक्स या नावांनी विकली गेली आणि तिथं 1991 पासून तिला दोन लिटरचं टर्बो इंजिन होतं, एसआर20डीईटी, 205 अश्वशक्तीचं. अमेरिकेत पाठवताना मात्र कंपनीनं त्याच अंगात 2.4 लिटरचं, बिडाच्या ब्लॉकचं, बिनटर्बोचं इंजिन घातलं. शक्ती 155. त्याच घराण्यातलं इंजिन ते पिकअपलाही देत होते. दणकट आहे, पण हरणाच्या अंगात बैलाचं काळीज घातल्यासारखं. गाडीचा साचा एकच असल्यामुळे जपानी इंजिनाची बाजूची ब्रॅकेटं लावली की ते त्याच क्रॉसमेंबरवर, म्हणजे इंजिन पेलणाऱ्या आडव्या दांडीवर, बसतं. प्रोपेलर शाफ्ट जुनाच चालतो. कुठं कापाकापी नाही, वेल्डिंग नाही. इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग आणि कॉम्प्युटर असा सगळा संच जपानातल्या वापरलेल्या गाडीतून निघून येतो. धुराच्या जोरानं इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो कसा चालतो हे मी तुम्हाला काय सांगणार, ट्रकचे किती टर्बो तुमच्या बाकावर उघडलेत.

आरटीओचं म्हणाल तर मिशिगनमध्ये गाडीची दरवर्षीची तपासणी नाही आणि धुराची चाचणीही नाही. कॅलिफोर्नियात असतो तर या इंजिनाला हात लावला नसता, तिथले नियम फार कडक. विमा कंपनीला कळवलंय. घरमालकाची परवानगी लेखी आहे. चोरून काहीही केलेलं नाही.

आणि आई, मी जॅकवरच्या गाडीखाली शिरलो नाही. एकदाही नाही. चार लोखंडी स्टँड होते, पुढची चाकं काढून तीसुद्धा आडवी खाली सरकवलेली. इंजिन उतरवताना आम्ही तिघं होतो. चेन कप्पीऐवजी इथं चाकांची छोटी क्रेन मिळते, शेजारच्या आजोबांची होती. तुझ्या भावाचं बोट कारखान्यात गेलं तेव्हापासून तुला लोखंडाचा धसका आहे, मला ठाऊक आहे. म्हणून हे सगळं लिहितोय.

या आजोबांचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथली ही रीत मला दोन वर्षं कळली नव्हती. इथं प्रत्येक घराला रस्त्याच्या बाजूनं गॅरेज असतं आणि त्याला वर सरकणारं मोठं दार. हवा बरी असली की माणूस ते दार पूर्ण उघडतो आणि आत घडीची खुर्ची टाकून रस्त्याकडे तोंड करून बसतो. काम असेलच असं नाही, नुसता बसतो. पहिल्यांदा मला वाटलं, घरात भांडण झालं असेल. तसं नाही. दार उघडं म्हणजे 'या'. दार बंद म्हणजे 'आज नको', मग आत दिवा दिसला तरी कुणी हाक मारत नाही. अर्धं उघडं असेल तर फक्त हवेसाठी, तेव्हाही जायचं नाही. आणि आलेला माणूस गॅरेजच्या आतच, घरात नाही! आपल्याकडे दारात आलेल्याला 'आत या, चहा घ्या' न म्हणणं म्हणजे अपमान. इथं घरात बोलवायचं तर आठवडाभर आधी ठरवतात. तीन वर्षांत आजोबा माझ्या घराचा उंबरा चढले नाहीत, मी त्यांचा नाही. पण या उन्हाळ्यात माझं दार उघडं दिसलं की ते क्रेन ओढत, नाहीतर हातात पाना घेऊन यायचे, तीन-तीन तास उभे राहायचे आणि नमस्कार-चमत्कार न करता निघून जायचे. आयुष्यभर इंजिनाच्याच कारखान्यात होते. मी त्यांना चहा नेऊन देतो, आलं घातलेला. पहिल्या दिवशी अर्धा ठेवला होता, आता कप पुढे करतात.

आल्या आल्या आम्ही इंजिन जमिनीवरच तपासलं. वरचं झाकण काढलं तर कॅम स्वच्छ, काळा चिखल नाही. या इंजिनाचं एक दुखणं आहे, फार ताणलं की व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर निसटून पडतात, म्हणून ते सोळाच्या सोळा हातानं चाचपले. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला सारखं आलं. बाहेर काढलेलंच आहे म्हणून क्लच आणि मागचं ऑइल सील नवं टाकलं. सगळ्यात जास्त दिवस वायरिंगनं खाल्ले. जपानी वायरिंगचा प्लग आणि इथल्या डॅशबोर्डचा प्लग जुळत नाही, एकेक वायर रंगावरून नव्हे, मीटर लावून शोधावी लागते. ते मी एकट्यानं रात्री बसून केलं.

तुम्हाला आठवतं का आबा, ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी इथं वूडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरतो. 1995 पासून भरतोय, मैलोन्‌मैल गाड्या आणि दुतर्फा खुर्च्या टाकून बसलेली माणसं. आपल्या कोल्हापुरात गणपतीच्या मिरवणुकीला महाद्वार रोडला जागा धरतात तशी. तोपर्यंत गाडी उभी करायची ठरवली होती, नाही जमलं. टर्बोला तेल देणाऱ्या नळीचा बोल्ट गळत होता. ज्यांच्याकडून संच घेतला त्यांनी नळी उघडून वापरलेलेच तांब्याचे वायसर, म्हणजे चकत्या, परत दाबले होते. मी आवळलं, तरी थेंब. आणखी आवळलं, तरी थेंब. गरम टर्बोशेजारी तेल म्हणजे आग, त्यामुळे पुढं जायची हिंमत नव्हती.

मग त्या रात्री तुम्हाला व्हिडिओ लावला. तुम्हाला माझं बोलणं ऐकू आलं नव्हतं, पण मी बोल्ट कॅमेऱ्यासमोर धरल्याबरोबर तुम्ही म्हणालात, "तांबं कडक झालंय. लाल कर आणि पाण्यात टाक." एवढंच. मी आजोबांची गॅसची बत्ती आणली. वायसर चिमट्यात धरला. आधी त्यावर इंद्रधनुष्य फिरलं, मग काळा पडला, मग कडेकडेनं लाल चढत आला. वाटीभर पाण्यात टाकला तर चर्र झालं, वरची काळी खपली सुटली आणि आत नव्या पैशासारखं गुलाबी तांबं. बोटांनी दाबलं तर वाकत होतं. दोन्ही बाजूंना दोन वायसर घातले, बेतानं आवळलं, वर कागद बांधून ठेवला. काल अर्धा तास इंजिन चाललं तरी कागद कोरडा होता. तोच कागद मी जपून ठेवलाय.

सुरू करण्याआधी स्पार्क आणि पेट्रोल दोन्ही बंद राहतील असा कॅमवरच्या सेन्सरचा प्लग काढला आणि नुसता स्टार्टर मारत राहिलो, काट्यावर तेलाचा दाब येईपर्यंत. कोरडा टर्बो फिरू द्यायचा नाही, हेही तुमचंच. मग प्लग लावला, चावी फिरवली, तर नुसतं टक. आजोबांनी काही न बोलता इंजिन आणि बॉडीमधल्या अर्थिंगच्या पट्टीवर बोट ठेवलं. मी ती नीट आवळायचीच विसरलो होतो, स्टार्टर मारता मारता सैल झाली होती. आवळली, आणि दुसऱ्या खेपेला घेतलं. मी तिथंच उभ्या उभ्या तुम्हाला फोन लावला, तेव्हा तुमच्याकडे रात्र होती. उचलला नाही ते बरंच झालं, मला बोलता आलं नसतं. टर्बोचा दाब मूळचा होता तेवढाच, सात पौंड, ठेवलाय, वाढवणार नाही.

आता पैशाचं. संच मला 4,200 डॉलरला पडला. आई हिशेब करेलच म्हणून मीच लिहितो, साडेतीन लाखांच्या वर. दोन वर्षं बाजूला टाकलेले होते, घरच्या पैशातले नव्हते, घरी दर महिन्याला जातात ते एकदाही चुकले नाहीत. असं मी स्वतःला सांगत होतो. मग परवा छोटी बोलता बोलता म्हणून गेली की लग्नाच्या हॉलचा अ‍ॅडव्हान्स द्यायला आबांनी मोठा लेथ विकायला काढलाय आणि गिऱ्हाईक दीड लाख म्हणतंय. आबा, तुम्ही मला का नाही सांगितलंत? मी इथं हौसेसाठी इंजिन उतरवतोय आणि तुम्ही उद्यमनगरात लेथ काढताय. त्या रात्री मला झोप नव्हती.

लेथ विकू नका. शुक्रवारी दोन लाख छोटीच्या खात्यावर टाकतोय. हॉल आणि आचारी त्यात होईल, दागिन्यांचं डिसेंबरात बघतो. गिऱ्हाइकाकडून काही घेतलं असेल तर परत करा. खंडेनवमी 1 ऑक्टोबरला, बुधवारी आहे, लेथची पूजा दरवर्षीसारखी करा. मीही इथं पाने धुऊन पाटावर मांडणार आहे, झेंडू इथं दुकानात मिळतो.

टीव्हीवर एच-1बी या नोकरीच्या व्हिसाच्या एक लाख डॉलर फीचं ऐकून आई दोन रात्री जागी आहे म्हणे. आई, ते नव्या अर्जांना आहे, माझ्यासारख्या आधीपासून असलेल्यांना नाही, असं सरकारनं काल सांगितलंय. पण कंपनीचे वकील म्हणतात सध्या देश सोडू नका, म्हणून दिवाळीचं तिकीट रद्द केलं. गेल्या वर्षीही आलो नव्हतो, आजीच्या दहाव्यालाही नाही. फेब्रुवारीत छोटीच्या लग्नाला येणारच. अक्षता टाकायला मी उभा नसेन असं होणार नाही.

आत्यांनी आणलेल्या सांगलीच्या स्थळाला नाही म्हणत नाही. फोटो पाहिला. पण त्यांना खरं सांगा: घर भाड्याचं आहे, ग्रीन कार्डाला किती वर्षं लागतील सांगता येत नाही, आणि गॅरेजमध्ये 34 वर्षांची गाडी आहे. मुलीला माझ्याशी बोलायचं असेल तर इकडची रविवार सकाळ बरी.

छोटीला आशीर्वाद. आईनं गोळी चुकवू नये.

आपला,
बाळू

ता. क. आबा, इंजिन थंड असताना वरून टकटक येते, दोन मिनिटांत जाते. हायड्रॉलिक टॅपेटची असावी, तेल भरलं की थांबते, असं माझं मत. आजोबांचंही तेच. आवाज रेकॉर्ड करून छोटीला पाठवलाय. तिचे हेडफोन लावून, दार बंद करून ऐका आणि काय ते मला कळवा. तुम्ही सांगेपर्यंत मी गाडी रस्त्यावर काढत नाही.