छातीतला पू अंगावर काढू नका

संपादक महोदय,

न्यूमोनिया किंवा टीबीत फुफ्फुसाभोवती पू साचतो, त्याला एम्पायमा म्हणतात, अन् गडचिरोली-यवतमाळकडचे पेशंट नागपूरला फार उशिरा येतात याचं खरंच वाईट वाटतं. सुरुवातीला पू पातळ असतो, बरगड्यांमधून नळी टाकली की बाटलीत उतरतो, माझ्या काकांच्या खाटेखालच्या बाटलीत नळीतलं पाणी प्रत्येक श्वासाला वरखाली व्हायचं. महिनाभर अंगावर काढलं की फुफ्फुसावर जाड साल चढते, ते फुगतच नाही, मग बऱ्याचदा दुर्बिणीच्या छोट्या छिद्रांतून भागत नाही, छाती उघडून ती साल सोलावी लागते, तेही फुफ्फुस न फाडता! तालुक्याच्या दवाखान्यात एक्सरे-सोनोग्राफी रोज सुरू ठेवा, एवढंच मागणं आहे.

– एक वाचक, नागपूर