मुक्कामी गाडीचं गरम पाणी

पुणे, ३ जून

तीर्थरूप आई-अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल फोनवर हे सांगायला घेतलं होतं, पण आईने नेहमीप्रमाणे "बिल वाढतंय" म्हणून ठेवून दिला. म्हणून लिहिते. लिहिलेलं अण्णा दोनदा वाचतात, हेही माहीत आहे.

परवा १ जूनला स्वारगेटला गेले होते. एसटीचा वाढदिवस. १९४८ साली त्याच तारखेला पुणे-नगर पहिली गाडी सुटली, म्हणून स्टँडवर तोरणं, रांगोळी असा थाट होता. बाकावर शेजारी एक वयस्कर गृहस्थ होते, पाटण आगारातून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. मी गावाचं नाव सांगितल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "मारुतीच्या देवळामागचे मास्तर हायत का अजून?" मी त्यांची मुलगी म्हटल्यावर उठून उभेच राहिले. मला अवघडल्यासारखं झालं.

अण्णा, त्यांना तुमचा बंब आठवतो. जेवण तर सगळ्याच गावांत कोणी ना कोणी द्यायचं, म्हणाले, पण मुक्कामाला गाडी लावली की झोपायचं कुठे हा खरा प्रश्न. गाडीतच बाकांवर आडवं व्हायचं, नाहीतर देवळात. कंडक्टर बिचारा रोकडीची पिशवी उशाला घेऊन अर्धा जागा. पाटणचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. टप गळायला लागला की बसूनच रात्र काढायची आणि पहाटे तीच गाडी घाटात घालायची. "तुमच्या पडवीत कोरडं घोंगडं मिळायचं आन् पहाटे कढत पानी. झोप झालेली आसली की श्टेरिंगवर हात हलका ऱ्हातो बघा. मागं पन्नास मान्सं बसल्याली आसत्यात."

आई, तू सरपणावरून अण्णांना किती बोलायचीस तेही मला आठवतं. "लाकडं काय आभाळातनं पडतात?" आणि तरी पडवीतलं घोंगडं दुपारी उन्हात टाकायला तूच विसरायची नाहीस.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. मी कराडला शिकायला असताना तुझा डबा रोज त्याच गाडीने यायचा. फडक्यावर काळ्या शाईने माझं नाव. मला वाटायचं, डबे पोचवणं हे एसटीचं कामच असणार. किती मुलांचे डबे यायचे तसे! संध्याकाळच्या गाडीने रिकामे परत. कधी कोणी लगेजचं तिकीट मागितलं नाही. गाडी पाटणलाच बंद पडली तरी डबा दुसऱ्या गाडीत चढायचा, कंडक्टर नवा असला तरी स्टँडवरच्या त्याच टपरीवर मिळायचा. कसा, हे विचारावंसं मला कधी वाटलंच नाही.

तर ते म्हणाले, ड्युटी बदलली की जाणारा येणाऱ्याला सांगून जायचा, "मास्तरच्या पोरीचा डबा चुकवायचा न्हाई." कागदावर कुठेच नाही, नुसतं तोंडी. पडवीत कधी न झोपलेल्या लोकांनीही तो पोचवला. तुम्ही दोघांनी त्यांना तसं सांगितलं होतं का? मला नाही वाटत. अण्णा स्वतःसाठी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीशीसुद्धा कधी गेले नाहीत.

परीक्षेच्या दिवसांत त्या डब्यावर मी जगले, हे तुम्हाला माहीत आहे. त्या डब्यात पहाटेच्या बंबाची लाकडंही होती, हे मला परवा कळलं. आई आता म्हणेल, "त्यात काय एवढं." म्हण.

आता कामाचं. अण्णांच्या डोळ्यांची तपासणी अजून टाळू नका, मी इथल्या डॉक्टरांची पुढच्या महिन्यातली वेळ घेते. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीत तिकीट नाही आणि २०२३ पासून बायकांना अर्धं आहे, तेव्हा खर्चाचं कारण चालणार नाही. आधार कार्ड तेवढं बरोबर ठेवा. खिडकीची जागा आईला द्या, तिला गाडी लागते.

ड्रायव्हरकाका धनकवडीला मुलाकडे असतात. तुम्ही आलात की त्यांना जेवायला बोलवायचं ठरवलंय. नाचणीचं पीठ घेऊन या, इथलं मला पसंत नाही. भाकरी मात्र आईनेच थापायची. माझी अजून कडेला चिरते.

तुमची लेक