रायगडावरच्या आमच्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

गड दाखवणाऱ्या आमच्या स्वयंसेवक गटात मी आले तेव्हा नियमावलीचा कागद हातात मिळाला होता. तो पाठ करणं सोपं होतं. त्यातला एकेक नियम कशासाठी आहे हे मात्र तुम्ही गडावर फिरता फिरता समजावलंत. त्याचे आभार मला चारचौघांत मानायचे आहेत, म्हणून हे जाहीर पत्र.

तुम्ही सुरुवात पैशांपासून केलीत. रायगड हे पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे आणि १९५९ च्या नियमांनुसार परवान्याशिवाय मोबदला घेऊन तिथे कुणालाही फिरवता येत नाही. आम्ही काहीच घेत नाही, मग प्रश्न कुठे येतो? तर गड उतरताना एखादे आजोबा प्रेमाने शंभराची नोट पुढे करतात, तिथे येतो. तुम्ही म्हणालात, “हात जोडायचे, नोट घ्यायची नाही. फारच आग्रह झाला तर सांगायचं, पायथ्याशी कुणाकडे तरी जेवा.” आणि जो पाहुणा परवानाधारक वाटाड्याशी बोलतोय, त्याला आपल्याकडे ओढायचं नाही. “तुमची पोटं शहरात भरतात, इथल्या पोरांची या पायऱ्यांवर.” हे वाक्य कुठल्याच नियमावलीत नाही, पण आमच्या गटात आता ते सगळ्यांत आधी सांगितलं जातं.

दुसरी गोष्ट इतिहास सांगण्याची. ६ जून १६७४ चा राज्याभिषेक, मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा डागून घेतलेला गड आणि त्या आगीत जळालेले वाडे, हे ठामपणे सांगायचं. हिरकणीची कथा मात्र लोकांनी जपलेली आख्यायिका म्हणूनच सांगायची. त्याने तिची गोडी कमी होत नाही, हे तुम्ही सांगताना मी स्वतः ऐकलंय. बाजारपेठेच्या उंच जोत्यांजवळ मुलं हमखास विचारतात, “घोड्यावर बसूनच खरेदी करायचे ना?” तेव्हा तुम्ही जोत्याची उंची त्यांनाच बघायला लावता, विचार करायला लावता, आणि ‘असं म्हणतात, पण आपण पुरावा मागायचा’ एवढंच बोलता. महाराजांच्या राजधानीत उभं राहून मनाचं काही जोडायचं नाही, ही शिस्त मला तुमच्याकडून मिळाली आणि तिचं मोल मला फार वाटतं.

जगदीश्वराच्या पायरीपाशी तर मी दर वेळी तुमचीच पद्धत वापरते. ‘सेवेचे ठायी तत्पर’ ही अक्षरं नीट दिसावीत म्हणून कुणी खडू फिरवतं, कुणी पाणी ओततं. तुम्ही ते थांबवता, पण ओरडत नाही. भिंतीवर नाव कोरणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं, हा कायदा तुम्हाला तोंडपाठ आहे, तरी मुलांना आधी तो ऐकवत नाही. आधी सांगता की हा एवढा गड ज्यांनी बांधला त्या हिरोजी इंदुलकरांचं नाव इथे पायरीवर आहे, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांशी. मुलं आपोआप बाजूला सरकतात. खिशातला खडू बाहेर येत नाही.

बाकीचं तुम्ही थोडक्यात आटपलंत: समाधीपाशी आणि देवळात पादत्राणं बाहेर, टकमक टोकाकडे जाण्याआधी आणि परत आल्यावर माणसं मोजायची, धुकं उतरलं तर तिकडे वळायचंच नाही. परवानगीशिवाय ड्रोन नाही. आणि गट मोठा असेल तर गडावरच्या खात्याच्या कर्मचाऱ्यांना आधी कळवायचं.

जुलै २०२५ मध्ये रायगडासह बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आले. गड दाखवायची हौस असलेली मुलंमुली आता आमच्याकडे आपणहून येतायत. हौस चांगलीच आहे, पण तुमच्यासारखं कुणी भेटल्याशिवाय त्यांना गट सोपवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा एक विनंती. पावसाळा संपला की नवी तुकडी पाचाडला मुक्कामाला येणार आहे. पहिला दिवस तुम्ही घ्यावा, जिजाऊसाहेबांच्या समाधीपासून सुरुवात करून, अशी आम्हा सगळ्यांची इच्छा आहे. परवाना तुमच्याकडे आहे, तेव्हा त्या दिवसाचं मानधन तुम्ही घ्यायचंच. गटाने ते बाजूला काढून ठेवलंय. काकूंना नमस्कार सांगा.

तुमची,
गटातली एक स्वयंसेविका