तारेचा तुकडा पाठवणाऱ्या काकांचे जाहीर आभार

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. बेलची, म्हणजे मासेमारीच्या रिळावर लाईन गुंडाळून घेणाऱ्या तारेच्या कडीची, स्प्रिंग गेली एवढ्यावरून चांगलं जुनं रीळ अडगळीत टाकणारे पुष्कळ आहेत. तुम्ही मला काय शिकवलंत ते त्यांच्यापर्यंतही पोचावं.

माझ्या रिळाची बेल अर्धीच मिटायची. हँडल फिरवलं की खटका वाजायचा, पण तारेची कडी मधेच रेंगाळायची. लाईन, म्हणजे गळाची दोरी, कडीच्या टोकाच्या रोलरवर यायची नाही, ती जिच्यावर गुंडाळते त्या चकरीवर, स्पूलवर, ढिले वेढे बसायचे आणि पुढच्या फेकीला गुंता ठरलेला. कधी उलटंच व्हायचं. फेक पुरी व्हायच्या आत बेल मिटायची आणि आमिष लाईन तोडून एकटंच उडत जायचं. भाग मिळत नाहीत, नवीन रीळ घ्या, असंच जो तो सांगत होता. तुम्ही मात्र स्प्रिंगचं नावही काढलं नाहीत. "बेलची तार वाकलीय का? दोन्ही बाजूंचे सांधे कोरडे आहेत का?" हे आधी विचारलंत.

या प्रश्नासाठी मी तुमची सर्वांत जास्त ऋणी आहे. स्प्रिंग काढून ठेवायची आणि नुसती बेल बोटाने फिरवून बघायची, ही तुमची परीक्षा. कुठे अडखळली तर आधी तिथला दोष काढायचा. माझी अडखळत होती. सांध्यात जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं. रॉकेलने ते धुवून काढलं, तेलाचा एक थेंब सोडला आणि बेल सहज फिरायला लागली. हे न करता नवी स्प्रिंग घातली असती, तर तीही त्या चिकट्याशी झगडत थकली असती.

अर्थात स्प्रिंगही संपलेलीच होती. तिचे पाय, म्हणजे दोन्ही टोकं, पसरले होते, ताण उरला नव्हता. भिंगाखाली बघ म्हणालात, तेव्हा वेढा संपून पाय जिथे वळतो तिथे केसासारखी चीर दिसली. तुटते ती बहुतेक वेळा तिथेच, हे तुम्ही न बघताच सांगितलं होतंत. बेल उघडली की ताण, मिटली की सैल, असं वर्षानुवर्षं चाललं की धातू त्या वळणापाशी थकतो. पक्कडीचा ओरखडा तिथे असेल तर आणखी लवकर.

तुमच्या पाकिटात पियानो वायरचा, म्हणजे कडक पोलादी तारेचा, तुकडा होता आणि पेन्सिलने काढलेलं चित्र. वेढे कोणत्या दिशेने, लांब पाय कुठल्या भोकात, आखूड पाय कुठल्या खाचेत, सगळं बाणांनी दाखवलेलं. बेल उघडताना वेढे आवळले गेले पाहिजेत, उकलले जाता कामा नयेत, हे त्याखाली ठळक लिहिलं होतंत. ते चित्र मी अजून जपून ठेवलंय.

जरा जाड तार घेतली तर काम कायमचं होईल, असं मला वाटत होतं. तुम्ही हिशोब करून दाखवलात. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे तार फक्त 10 टक्के जाड झाली की स्प्रिंग जवळपास 46 टक्के कडक होते. मग बेल हातोड्यासारखी आदळते, आणि नवी स्प्रिंग शाबूत राहून बेल मिटवणारा आतला खटका मोडतो. तो भाग हाताने बनवणं स्प्रिंगपेक्षा कितीतरी अवघड. म्हणूनच जुनी तार, गंज नसलेल्या जागी, मायक्रोमीटरने मोजल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा तुमचा आग्रह.

गुंडाळणंही तुम्ही फोनवरून पायरीपायरीने करून घेतलंत. ज्या सळईवर वेढे घ्यायचे ती हव्या मापापेक्षा बारीक, कारण हात सोडला की तार थोडी उकलते. स्प्रिंग ज्या खुंटीवर बसते तिच्याभोवती जरा फट ठेवायची, कारण बेल उघडताना वेढे आवळतात आणि फट नसेल तर अडकतात. पाय वळवायला गोल तोंडाची पक्कड, कोपरा तीक्ष्ण नको. आच देऊन तार मऊ करायची नाही, तिच्यातला जीवच जातो. त्याऐवजी तयार स्प्रिंग सुमारे 230 अंश सेल्सिअसला अर्धा तास ठेवली की वळणातला ताण निवतो. टोकं कानशीने गोल करायची. आणि झाकण उघडणं, बसवणं सगळं पारदर्शक पिशवीत हात घालून, डोळ्यांवर चष्मा लावून. जुनी स्प्रिंग काढताना खरंच उडाली, पण पिशवीतच राहिली.

हे सगळं जमेपर्यंत मासेमारी थांबवू नकोस, असंही तुम्ही म्हणालात. आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी 1905 साली स्थिर स्पूलच्या रिळाचं पेटंट घेतलं तेव्हा त्यावर आजच्यासारखी बेल नव्हतीच. पूर्ण बेल 1930च्या दशकात हार्डी या इंग्लिश कंपनीच्या आल्टेक्स रिळावर आली. तुम्ही मला बेल काढून नुसत्या रोलरवर बोटाने लाईन घ्यायला लावलीत. सवय झाली तशी ती पद्धत मला फार आवडली. फेक अचूक पडते आणि लाईन बोटाखाली कळते.

आता बेल शेवटपर्यंत नेमकी मिटते. फेकीनंतर मी ती हातानेच मिटवते, हँडलने आपटवत नाही, म्हणजे खटक्यालाही मार नाही आणि लाईनही ताणून घेता येते. तारेचा उरलेला तुकडा तेल लावून, त्याची जाडी लिहून, तुमच्या चित्रासोबत ठेवलाय. तुम्ही दुसऱ्याचा वेळ घेतल्यासारखं बोलायचात, काका, पण संध्याकाळी तासन्‌तास फोन कानाला लावून बसायचात ते तुम्हीच. काकूंनाही माझा नमस्कार आणि आभार सांगा.

रोलर अजून ओल्या लाईनवर किरकिरतो. त्याचं बुश, म्हणजे आतली नळी, झिजलंय की नुसतं कोरडं आहे, हे कसं ओळखायचं ते पुढच्या फोनवर विचारणार आहे.

तुमची आभारी,
रीळवाली पुतणी